ब्लाऊजचे हुक, परकराची नाडी आणि पार्किन्सन: पाचपाखाडीतल्या टेलरताईंचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ज्यांना आरी वर्क, लटकन, मागे मोठा गळा असले फॅन्सी ब्लाऊज शिवायचेत त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू नाही. त्यांच्यासाठी ठाण्यात राम मारुती रोडला आणि गोखले रोडला ढिगाने दुकानं आहेत, खुशाल जा. हे लिहितेय ते ज्यांच्या घरात कुणाला पार्किन्सन म्हणजे कंपवात आहे किंवा माझ्यासारखा स्वतःलाच आहे आणि रोज सकाळी कपडे घालण्यातच अर्धा जीव जातो, अशांसाठी.

दुकान म्हणजे पाचपाखाडीत एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्याचा गाळा, नितीन कंपनीच्या बाजूने आत आलात तर डाव्या हाताच्या गल्लीत. पाटीवर दुकानाचं नावच नाहीये, नुसतं 'लेडीज टेलर, फॉल बिडिंग, पिको, अल्टरेशन' एवढंच लिहिलंय त्यामुळे मी तरी काय नाव देणार. ताई एकट्याच, मदतीला एक मुलगी काजं करायला आणि हुक लावायला. स्टार द्यायचे तर पाचपैकी चार, पाचवा का कापला ते खाली सांगते.

माझं वय ६४, बँकेतून रिटायर. मला थरथर फारशी नाही, त्यामुळे निम्म्या लोकांना वाटतं की मी उगाच सांगते. उजवी बाजू कडक आणि सगळं स्लो, हा माझा पार्किन्सन. थरथर नसलेलाही पार्किन्सन असतो हे नातेवाइकांना समजावण्याचा आता कंटाळा आलाय. न्यूरोलॉजिस्टकडे गेलं की ते विचारतात चालणं कसं आहे, पडलात का, गोळीचा असर किती तास टिकतो, भास वगैरे होतात का. विचारणं बरोबरच आहे, बाहेर लाइन लागलेली असते. पण त्यात मी कुठे सांगू की डॉक्टर, परकराच्या नाडीची गाठ सुटत नाही आणि तोपर्यंत बाथरूमला पोचायला उशीर होतो. हे कोणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. रोजचा दिवस मात्र ह्याच्यातच जातो.

हुकांपासून सुरू करते. आपल्या साध्या ब्लाऊजला पुढे पाच-सहा हुक असतात, बारीक. पार्किन्सनमध्ये बोटांची जी बारीक आणि परत परत करायची हालचाल असते ती दर वेळी आधीपेक्षा लहान आणि हळू होत जाते, म्हणजे पहिला हुक लागतो, दुसरा लागतो, तिसऱ्याला बोटं नुसती कापडावर फिरत राहतात. लिहिताना अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं तेही ह्याच कारणाने (माझी सही बँकेने परत पाठवलीय, ज्या बँकेत मी आयुष्य काढलं त्याच बँकेने, तो वेगळा विषय). मग हुक लावायला मिस्टर, मिस्टरांना हुक दिसायला चष्मा, आणि चष्मा शोधायला परत मी. बाहेर जायचं म्हटलं की ह्या कारणाने आमचं भांडण ठरलेलं.

ह्याआधी स्टेशनजवळच्या एका बुटीकमध्ये गेले होते, तिथल्या मुलीने माझ्याकडे न बघता माझ्या लेकीला सांगितलं की आजींना गाऊनच बरे पडतील ना. आजी म्हटल्याचं नाही वाईट वाटलं, पण मी समोर उभी असताना लेकीला सांगायचं? असो.

ह्या ताईंनी काय केलं तर आधी मला माझाच ब्लाऊज त्यांच्यासमोर घालून दाखवायला लावला. पडद्यामागे स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या काकू तुम्ही घाला, मी मधे हात लावणार नाही, नुसती बघते. आणि खरंच बघत राहिल्या, घाई नाही, अरेरे नाही. नंतर म्हणाल्या, 'तुमचा हुक लावण्याचा प्रॉब्लेम नंतरचा आहे, आधी उजवा हात बाहीत जात नाहीये.' हे मला स्वतःलाही असं वेगळं करून कळलं नव्हतं. माझा आजार सुरूच झाला होता खांद्यापासून, फ्रोझन शोल्डर म्हणून ऑर्थोपेडिककडे शेक आणि व्यायाम चालू होते आणि पार्किन्सन कळायला त्यानंतर बराच काळ गेला. नंतर वाचलं की असं बऱ्याच जणांचं होतं, खांदा आधी आखडतो आणि खरं कारण मागाहून कळतं. तर ताईंनी उजव्या बाहीचा मुंढा मोठा केला, काखेत चौकोनी कळी टाकली, आणि सांगितलं की कडक हात आधी घालायचा, मोकळा हात नंतर, काढताना उलटं. हे खरं तर फिजिओथेरपीमध्ये शिकवतात, मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग हुक. पहिल्यांदा आम्ही टिचबटणं लावून बघितली, ती बाद, कारण टिचबटण दाबायला अंगठ्यात जोर लागतो आणि तोच नाही. वेल्क्रो लावला, तो उघडायला-लावायला मस्त पण शिफॉनच्या पदराचे धागे ओढतो आणि धुताना बंद करायला विसरलात तर मशीनमधला सगळा कचरा त्याला चिकटतो. शेवटी ताईंनीच डोकं लावलं, पुरुषांच्या पँटला कमरेला जो चपटा मोठा हुक असतो ना, तो. तसे तीनच हुक, आणि वरून दिसायला नेहमीसारखी पट्टी. तो हुक बोटांच्या टोकांनी पकडावा लागत नाही, तळहाताने सरकवला तरी बसतो. गोळी चढलेली असेल तर माझे मी लावते, नसेल तर मिस्टर लावतात पण आता चष्म्याशिवाय. दुसऱ्या दोन ब्लाऊजना पुढे चेन टाकलीय आणि चेनच्या टोकाला किल्ल्यांची असते तशी छोटी रिंग, रिंगेत बोट अडकवून ओढायचं. ती रिंग पदराखाली झाकली जाते. मला स्वतःला हुकवाला जास्त आवडला, चेन कधीकधी आतल्या कापडात अडकते आणि मग ती सोडवायला बारीक बोटंच लागतात.

गोळी चढण्याबद्दल सांगायचं राहिलं. लेव्होडोपा (पार्किन्सनची मुख्य गोळी) घेतल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने अंग सुटं होतं आणि पुढच्या डोसच्या आधी परत आखडायला लागतं, जेवणात प्रोटीन जास्त झालं किंवा पोट साफ नसलं तर गोळी उशिरा चढते. ताईंना हे मी एकदाच सांगितलं. त्यावर त्यांनी काय करावं, माप घ्यायला मला गोळी चढलेली असताना बोलावलं आणि ट्रायलला मुद्दाम गोळी उतरायच्या वेळेला. म्हणाल्या दोन्ही वेळेला तुम्ही वेगळ्याच मापाच्या असता. आणि खरंच, अंग आखडलं की मी पुढे वाकते, मग ब्लाऊज मागून वर चढतो, पाठ उघडी पडते आणि पुढे कापडाचा फुगा होतो. त्यांनी मागची उंची दीड इंच वाढवली, पुढची कमी केली. आत भरपूर माया ठेवली कारण ह्या आजारात वजन उतरतं, माझं उतरलंयच, आणि उद्या परत भरलं तर उसवता यायला हवं.

एक गंमत सांगते. ट्रायलला ब्लाऊज इतका छान बसला होता की मी मनातून खूष, आणि ताईंचा चेहरा पडलेला. म्हणाल्या, 'काकू, नाही आवडलं का? खरं सांगा, उसवते परत.' तेव्हा लक्षात आलं की माझ्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाहीये. चेहऱ्याचे स्नायू कमी हलतात, पापण्या कमी लवतात, त्यामुळे आतून हसत असले तरी बाहेरून मी रागावलेली दिसते. सुनेचा गैरसमज व्हायचा, शेजारणींचा व्हायचा, आता टेलरचा. मी म्हटलं आवडलंय हो, फार आवडलंय, तर ते त्यांना ऐकूच गेलं नाही कारण आवाजही बारीक झालाय आणि बाहेर रिक्षांचा गोंधळ. त्यांनी मशीन थांबवलं, पंखाही बंद केला आणि म्हणाल्या आता बोला. त्यानंतर मी गेले की दर वेळी पंखा बंद होतो. ठाण्याच्या मे महिन्यात पंखा बंद करणं म्हणजे काय ते ठाणेकरांना सांगायला नको. (ह्या रिव्ह्यूतला बराच भाग फोनला बोलून टाइप केलाय, फोन माझं पुटपुटणं काय वाटेल ते लिहितो, 'परकर' चं 'परवा कर' झालेलं मी सुधारलंय, अजून काही राहिलं असेल तर समजून घ्या.)

साडीचं. मला साडी सोडायची नव्हती, लेकीचं मत होतं की सोड. अडचण दोन बाजूंनी आहे, एक म्हणजे निऱ्या करायला दोन्ही हात एका लयीत चालावे लागतात आणि ते चालत नाहीत, दुसरं म्हणजे पुढे वाकून चालते त्यामुळे पुढचा काठ जमिनीला लागतो आणि पाय उचलला न जाता घासत जातो, मग पडायचं निमित्त. शिवलेली नऊवारी आता लग्नामुंजीत सगळ्याच पोरी नेसतात, तशीच ताईंनी मला सहावारी शिवून दिली. कमरेला रुंद पट्टा, त्याला तोच पँटचा हुक, निऱ्या शिवलेल्या, पदर सुटा पण खांद्यावर पिनेऐवजी आतून टाचलेला छोटा बंद. पुढून जमिनीपासून चांगली वर घेतली. बसून पायातून चढवायची आणि मग उभं राहून फक्त हुक लावायचा. बसून घालता येणं हे फार महत्त्वाचं आहे कारण उठून उभं राहिलं की बीपी खाली येऊन गरगरतं, ह्या आजारानेही येतं आणि गोळ्यांनीही येतं. जाता जाता सांगते, चक्कर येते म्हणून घरात पडलेली कुठलीही चक्करची गोळी मनाने घेऊ नका, प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन ह्या सर्रास मिळणाऱ्या गोळ्यांनी पार्किन्सनची लक्षणं वाढतात, आमच्या ओळखीत झालंय.

नाडी. परकराची आणि सलवारीची नाडी हा पार्किन्सनवाल्या बाईचा खरा शत्रू आहे, लिहून घ्या. लघवीची घाई होते, म्हणजे लागली की लागलीच, थांबता येत नाही, आणि नेमकी त्या वेळी गाठ बसते. ताईंनी सगळ्या सलवारी इलॅस्टिकच्या केल्या, इलॅस्टिक रुंद आणि सैल, कारण घट्ट झालं तर पोट आवळतं आणि बद्धकोष्ठाने पोट आधीच फुगलेलं असतं. (बद्धकोष्ठ आणि वास न येणं, ही दोन मला आजार कळण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून होती. फोडणी करपली तरी मला कळायचं नाही, सासूबाई म्हणायच्या लक्ष कुठे असतं हिचं.) सुट्या साडीच्या परकराला नुसतं इलॅस्टिक चालत नाही, निऱ्यांच्या वजनाने खाली येतं, तिथे परत पट्टा आणि हुकच लागतो.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर रात्रीच्या गाऊनचा. रात्री कूस बदलता येत नाही हे कुणाला सांगून खरं वाटत नाही. आपण झोपेत सहज वळतो, त्याला किती ताकद आणि किती क्रम लागतो ते वळता येईनासं झाल्यावर कळतं. कॉटनचा गाऊन कॉटनच्या चादरीला धरून बसतो, अंग वळलं तरी गाऊन वळत नाही. सपोर्ट ग्रुपमधल्या एका ताईंनी सॅटिनचं सुचवलं होतं. पण अख्खा सॅटिनचा गाऊन मला नको होता, रात्री घामाने भिजते मी. टेलरताईंनी गाऊन कॉटनचाच ठेवून मागच्या बाजूला पाठीच्या मध्यापासून मांड्यांपर्यंत सॅटिनचा तुकडा जोडला. घामही टिपला जातो आणि ढुंगण सरकतं, माफ करा पण तेच सरकायला हवं असतं. चादर साधी कॉटनचीच ठेवायची, चादरही सॅटिनची आणि गाऊनही सॅटिनचा असं अजिबात करू नका, पलंगावरून घसरून खाली याल. टाचा रोवता आल्या पाहिजेत म्हणून गाऊन घोट्याच्या वर.

आणि त्याच गाऊनच्या डाव्या बाहीला मनगटाशी आतून टर्किश टॉवेलचा पट्टा लावून घेतलाय, लाळेसाठी. लाळ जास्त तयार होते असं नाही, आपण दिवसभर नकळत गिळत असतो ते गिळणं कमी होतं म्हणून तोंडात साठते. रुमाल शोधेपर्यंत गळालेली असते, बाही पटकन तोंडाला लावता येते आणि बघणाऱ्याला नाक पुसल्यासारखं वाटतं. हा पट्टा मी बाहेरच्या कुर्त्यांनाही लावून घेतला. बारीकसं काम आहे, पण त्यामुळे मी परत चार लोकांत जाऊन बसायला लागले.

आता तक्रारी. दुकानाला उंबऱ्यासारखी एक उंच पायरी आहे, धरायला काही नाही, आणि आत जायची जागा एका बाजूला कापडांचे गठ्ठे आणि दुसऱ्या बाजूला चपला अशी अरुंद. अरुंद जागेत शिरताना माझे पाय जमिनीला चिकटतात, ज्यांना हे फ्रीझिंग होतं त्यांना कळेल, मेंदू म्हणतो चल आणि पाय हलत नाहीत. मागून गिऱ्हाइकं 'काकू चला ना' करतात त्याने अजूनच चिकटतात. ताईंना मी सांगितलं की दारात जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या पट्ट्या मारा, एक एक पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय सुटतो. हो म्हणाल्या, अजून मारलेल्या नाहीत. दुसरं म्हणजे वेळ. सांगितलेल्या तारखेला कपडा मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, लग्नसराईत तर विचारूच नका. फोन उचलत नाहीत. बिल नाही, वहीच्या कागदाचा चिटोरा. आणि एकदा माझ्या कोसाच्या ब्लाऊजला जाडजूड वेल्क्रो लावून कापडाची वाट लावली, त्याचे पैसे घेतले नाहीत हे खरं पण कापड गेलं ते गेलंच. ह्या सगळ्यासाठी एक स्टार कापलाय.

पैसे म्हणाल तर हुक बदलायचे ब्लाऊजमागे १२० रुपये, मुंढा वाढवणं धरून २५०, साडी शिवायचे ७००, सॅटिनचा तुकडा लावायचे कापडासकट ३००. ऑनलाइन असे 'अडॅप्टिव्ह' म्हणून कपडे मिळतात ते मी बघितले, महाग आहेत आणि त्यात मला ब्लाऊज-परकर दिसले नाहीत, मला दिसले ते शर्ट आणि पँट. पुरुषांसाठी ताई काम करत नाहीत पण आमच्या ग्रुपमधल्या एका काकांच्या शर्टाची बटणं त्यांनी बायकोच्या ओळखीने करून दिली, काजं शिवून टाकली, बटणं वरून नुसती दिसायला आणि आतून वेल्क्रो. ते काका मॅग्नेटची बटणं मागत होते, त्यांच्या छातीत डीबीएसची (मेंदूत तारा बसवून विजेचे सूक्ष्म झटके देणाऱ्या यंत्राची) बॅटरी आहे. ताईंनी साफ सांगितलं की आधी डॉक्टरांना विचारून या, आणि बरोबरच केलं, पेसमेकर किंवा डीबीएस असेल तर छातीजवळ मॅग्नेट नकोच.

मला ह्या बाईंचं कौतुक एवढ्यासाठी वाटतं की त्यांना आजाराची काहीही माहिती नव्हती. मी पहिल्यांदा दुकानात शिरले तेव्हा त्यांनी विचारलं होतं की काकू, चालताना तुमचा उजवा हात हलत नाही, फ्रॅक्चर झालं होतं का. घरातल्या कुणाच्याही लक्षात न आलेली गोष्ट. जेम्स पार्किन्सन नावाच्या ज्या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये ह्या आजारावर पहिला निबंध लिहिला त्यात जेमतेम सहा पेशंट होते, आणि त्यातले काही त्यांनी फक्त रस्त्यात बघितलेले होते. बघणाऱ्याला दिसतं, एवढंच.

ज्यांना ग्रुप हवा आहे त्यांनी मुंबईच्या पीडीएमडीएस (पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी) संस्थेची चौकशी करा, २००१ पासून आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. अशा कपड्यांच्या युक्त्या डॉक्टरांपेक्षा तिथे बसलेल्या बायकांकडे जास्त असतात, फक्त चहाच्या वेळी विचारायच्या, स्टेजवरून कोणी सांगत नाही.

जायचं असेल तर सकाळी अकरा ते एक जा, तेव्हा समोर रिक्षा थांबू शकते आणि त्या पायरीवर हात द्यायला काजं करणारी मुलगी मोकळी असते. एका वेळी दोनच कपडे न्या, ढीग नेलात तर सगळेच रखडतील. आणि गणपती गेल्यावर लगेच जा, पितृपक्षात नवीन कापड कुणी टाकत नाही, अल्टरेशनला ताईंना तेव्हाच सवड असते, नवरात्र लागलं की दिवाळीपर्यंत त्या तुम्हाला ओळखणारसुद्धा नाहीत.